चौकशीला बसलेली अंजिरं

सभा थोरल्यानं बोलावली होती, म्हणून ती ठरल्या वेळी सुरू झाली. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत इतकी वर्षं काढल्यावर माणूस घरच्यांनाही हजेरीला उभं करतो. आल्याआल्या त्यानं खिशातली किल्ली काढून दार उघडलं, बायकोला आत घेतलं, जेवणघरातल्या खुर्च्या टेबलाभोवती लावल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. ती खुर्ची बाबांची. मुद्दाम बसला असं नाही, पण बसला.

"दाराला घंटा आहे," बाबा म्हणाले.

"किल्ली असताना घंटा कशाला, बाबा?"

आईच्या शेवटच्या दुखण्यात तिन्ही मुलांना एकेक किल्ली करून दिली होती, वेळी-अवेळी धावत यायला. आई गेली. किल्ल्या राहिल्या. त्या परत मागाव्यात हे बाबांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

टेबलाच्या मधोमध थोरल्यानं एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत सुकवलेली अंजिरं होती. निम्म्यांवर पांढरी लव आली होती, आणि पिशवी बंद असूनही आंबूस वास येत होता.

"मी बोलण्यापेक्षा हेच बोलेल," थोरला म्हणाला. "धाकट्याच्या ट्रकमधून मी स्वतः आणलंय. हे खाऊन त्याला रस्त्यात गाडी उभी करावी लागली. सलाईन लावावं लागलं."

"एवढं काही नव्हतं रे दादा," धाकटा म्हणाला. त्याचे गाल अजून बसलेलेच होते. "गाडी चालवताना अंधारात मूठभर तोंडात टाकली. बघून खाल्ली असती तर..."

"तू बोलू नकोस. तू आजारी आहेस."

"होतो."

"तेच ते."

बाबांना त्या पिशवीकडे बघवेना. जन्मभर ते विजेचे मनोरे उभे करत माळरानांतून हिंडले. एकदा वर चढलं की जेवायला खाली उतरणं नसायचं. खिशात आईनं सुकवलेली फळं असायची, सफरचंदाच्या चकत्या, अंजिरं, केळ्याचे काप. महिनाभर घराबाहेर असले तरी पुरायची आणि कधी एक फोड वाया गेली नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा बाबा तिच्याकडून हे शिकले. ती पडल्यापडल्या शिव्या घालायची आणि ते गच्चीवर वर-खाली करायचे. आता ते धाकट्यासाठी सुकवत. घरात रस्त्यावरची भाकरी खाणारा आता तोच उरला होता. आणि त्याच्याच पोटात हे विष गेलं.

"म्हणून मी ठरवलंय," थोरला म्हणाला, "या महिन्याच्या शेवटी बाबा आमच्याकडे राहायला येतील. घर बंद. आज फळं आहेत, उद्या गॅस असेल. वाट बघायची आपल्याला?"

"एका पिशवीवरून घर बंद?" मधली उसळली. ती नर्स, त्यामुळे घरात सगळे तिला सिस्टरच म्हणत, बाबासुद्धा. "दादा, साप साप म्हणून भुई धोपटतोयस. बाबा स्वतःचं सगळं स्वतः करतात. आणि मी आहे की! दर आठवड्याला येते. मागे एकदा ते केस कापायला गेले होते, तर तेवढ्यात मी अख्खं स्वयंपाकघर घासून काढलं. बाबा काही वाऱ्यावर पडलेले नाहीत."

"तू आठवड्यातून एकदा येतेस. गॅस रोज असतो." थोरला बाबांकडे वळला. आवाज एकदम मऊ केला, इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबाशी बोलावं तसा. "बाबा, चिडू नका. एवढंच सांगा. पिशवी भरताना अंजिरं तपासली होती?"

"बरणीला झाकण लागलेलं होतं," बाबा म्हणाले.

हे उत्तर दुसऱ्या कुठल्या घरात कळलं नसतं. या घरात सगळ्यांना कळलं. उन्हातून काढलेलं फळ लगेच बंद करायचं नाही, हा आईचा कायदा. वरून कोरडं दिसतं, पोटात ओल असते. ते काचेच्या बरणीत सैलसर भरायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि आठवडाभर रोज बरणी हलवून बघायची. काचेवर दमट वाफ धरली, फळ दाबल्यावर बोटाला ओल लागली, की परत उन्हात. आई याला चौकशी म्हणायची. "अंजिरं चौकशीला बसलीत, हात लावू नका," असं ती ओरडायची. चौकशीत पास झालं की फडकं जायचं आणि झाकण लागायचं. फडकं म्हणजे थांबा, झाकण म्हणजे खा. पोरांना अक्षरं यायच्या आधी हे येत होतं.

"झाकण लागलेलं होतं. म्हणजे तुम्हीच लावलं होतं," थोरला म्हणाला.

"लावलं असेल."

"असेल म्हणजे?"

बाबांनी टेबलावरची पिशवी थोडी दूर सरकवली. मग म्हणाले, "आठवत नाही."

"आठवत नाही," थोरल्यानं ते शब्द परत म्हटले आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. वर्गात एखादं उत्तर चुकलं की तो असाच सगळ्या वर्गाकडे बघत असणार. बाबांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण बोलणार काय? आठवत नव्हतं हे खरंच होतं.

ते उठले. "सफरचंदं उलटायची आहेत. ऊन कलायच्या आत उलटली नाहीत तर जाळीला चिकटतात."

"बाबा, बसा. ती सफरचंदं राहू द्या आता. ते सगळं बंदच करायचंय."

"मी उलटते," सून म्हणाली. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "चला बाबा, मला दाखवा कशी उलटायची."

*

गच्चीवर लाकडी चौकटींना ठोकलेल्या जाळ्या विटांवर ओळीनं टेकवल्या होत्या, खालूनही वारा लागावा म्हणून. वर पातळ कापड ताणलेलं. बाबांनी ते एका कडेनं सोडवलं आणि चकत्या उलटायला लागले. सून शेजारी उकिडवी बसली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायची. दिवसभर माणसं तिच्यासमोर हनुवटी टेकवून बसत आणि एका ओळीवर येऊन अडत. ती रागावली की फार हळू बोलायची. आत्ता तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"बाबा, तुम्ही आमच्याकडे राहायला येणार हे मला कधी कळलं माहितीय?"

"कधी?"

"आत्ता. टेबलावर. तुमच्याबरोबरच."

बाबांचा हात थांबला. "तुला विचारलं नाही त्यानं?"

"मला कशाला विचारतील? मी फक्त खोली आवरायची, जेवण वाढायचं, आणि लोकांनी विचारलं की हसून म्हणायचं, हो ना, सासरे आता आमच्याकडेच असतात." तिनं एक चकती रागानं सोडवली, ती फाटली. "तुम्हाला यायचं असतं ना, तर मी स्वतः सामान उचलायला आले असते. खरंच. पण तुम्हाला यायचं नाही, मला विचारलेलं नाही, मग हा बेत आहे तरी कुणाचा? आमच्या घराला गच्ची नाही. दिवसभर तुम्ही काय करणार? माझ्या तोंडाकडे बघत बसणार?"

बाबांना हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा. "तोंड बरं आहे की तुझं."

"विषय बदलू नका."

"ओढू नकोस. कडेनं सुटतं ते." त्यांनी एक चकती तिच्यापुढे वाकवून दाखवली. "बघ, वाकली पाहिजे, मोडता कामा नये. पाणी दिसता कामा नये." मग ती चकती तशीच बोटांत धरून ते म्हणाले, "त्याचं सगळंच खोटं नाही गं. मला झाकण लावल्याचं खरंच आठवत नाही. एका सकाळी बरण्या बघितल्या तर झाकणं लागलेली. मी म्हटलं, लावली असतील मीच. वर्षभर तो सांगतोय, बाबा विसरता तुम्ही, बाबा विसरता. इतक्यांदा ऐकल्यावर माणूस झाकणावर विश्वास ठेवतो, स्वतःवर नाही."

सुनेनं हातातली फाटकी चकती जाळीवर ठेवली. मग तिनं दुकानातल्या आवाजात विचारलं, "फडकं बांधल्याचं आठवतंय?"

"ते आठवतंय. दुसऱ्या बरणीची गाठ मारताना दोरा तुटला. जुना झाला होता. मग खिडकीवरचा घेतला, निळा."

"तुटलेला दोरा आठवतो, त्याचा रंग आठवतो. आणि झाकण आठवत नाही?"

"नाही."

"बाबा, ज्याला तळातली बारीक ओळ वाचता येते त्याला वरचं मोठं अक्षर दिसत नाही, असं होत नाही. ते अक्षर तिथं नसतंच." ती उठली, हात झटकले. "मी चहा टाकते."

*

सिस्टरचं भांडण रंगात आलं होतं. दादाला ती ऐकवत होती की माणूस ओळखीच्या घरातून उचलला की खचतो, वॉर्डात रोज बघते ती. आणि दादा तिला ऐकवत होता की वॉर्डाचे नियम घराला लावू नकोस. धाकटा दोघांच्या मध्ये बसून पिशवी वर्तमानपत्रानं झाकत होता. बाबांच्या बाजूनं बोलताना सिस्टरला बरं वाटत होतं. आपण बरोबर आहोत हे वाटण्यात एक ऊब असते.

सून चहाचा ट्रे घेऊन आली. बाबाही गच्चीवरून खाली आले, पण बसले नाहीत. त्यांच्या खुर्चीत थोरला होता.

"बाबा," सून ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, "बरण्यांची फडकी कुठं ठेवता हो तुम्ही?"

"खिळ्यावर. शेगडीच्या वर."

"खिळ्यावर एकही नाही."

"कसली फडकी?" थोरला वैतागला. "इथं विषय काय चाललाय!"

"हाच विषय चाललाय. ज्यानं झाकणं लावली त्यानं आधी फडकी काढली असणार. मग ती गेली कुठं? आईंनी मलमलीच्या चादरीची शिवलेली होती ना ती? कडा दुमडून?"

सिस्टरच्या हातातला कप बशीवर वाजला.

फडकी तिच्या घरी होती. कपाटात, टॉवेलांच्या शेजारी, उकळून, धुऊन, इस्त्री करून. त्या दिवशी बाबा केस कापायला गेले होते. फडक्यांवर डाग होते, आणि डाग दिसले की तिच्या हाताला खाज सुटते. तिनं दोन्ही बरण्यांची फडकी सोडवली, निळा दोरासुद्धा, खिळ्यावरची बाकीची घेतली, आणि तेवढ्यापुरती झाकणं घट्ट लावली, माश्या बसतील म्हणून. संध्याकाळी परत आणून बांधते, असं स्वतःशी म्हणाली. मग वॉर्डातून फोन आला, जोडून दुसरी पाळी करावी लागली, आणि ते डोक्यातून साफ गेलं. आत्ता, या क्षणापर्यंत गेलेलं होतं. धाकट्याच्या उशाशी बसून तिनं स्वतः त्याच्या सलाईनची गती लावली होती. आई कामाला जायची तेव्हा त्याला कडेवर घेऊन फिरलेली तीच.

तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा तिच्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत तिला दिसलं की त्यांना कळलंय. सगळं.

"मी फेकली," बाबा म्हणाले.

"काय फेकलं?" थोरला.

"फडकी. जुनी झाली होती. फेकून दिली आणि झाकणं लावली. आठवलं मला आता."

आईनं हातानं शिवलेली फडकी. आई गेल्यावर तिची चप्पलसुद्धा ज्यांनी दारातून हलवू दिली नव्हती, ते बाबा.

थोरला खुर्चीत मागे टेकला. त्याला आनंद झाला नव्हता, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. खरंच भ्याला होता तो. "ऐकलंत? आईची फडकी फेकली. आता तरी कुणाला शंका आहे? सिस्टर, आता बोल. मघापासून वकिली करत होतीस ना?"

"बाबा, असं कसं..." धाकट्याचा आवाज चिरकला. त्याचाही विश्वास डळमळला होता.

सिस्टर उठून उभी राहिली. "नाही फेकली. माझ्याकडे आहेत. मी नेली धुवायला. झाकणं मी लावली."

"सिस्टर, गप्प बस," बाबा म्हणाले.

"नाही बसणार! मी लावली, दादा. परत बांधायची होती. विसरले. यांनी फेकली नाहीत, मला वाचवायला खोटं बोलतायत. घर जायची वेळ आली तरी खोटं बोलतायत!" ती धाकट्याकडे वळली आणि मग तिला धड रडताही येईना. "तुला मी आजारी पाडलं रे. मी."

"अगं सिस्टर," धाकटा म्हणाला, "तूच बरं केलंस ना. फिट्टंफाट."

कुणी हसलं नाही. थोरल्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. मग तो बोलला, आणि मायेनंच बोलला. "बरं, रडू नकोस. जोडून पाळ्या केल्या की डोकं काय ठिकाणावर राहणार? कामाच्या रगाड्यात होतं असं. माणूस आहे, विसरतो."

बाबांचा हात टेबलावर आपटला. कप उडाले.

"काय म्हणालास?"

"बाबा, मी फक्त..."

"माणूस आहे, विसरतो. हिला म्हणालास. मग मघाशी मी कोण होतो? ती विसरली तर कामाचा रगाडा, मी विसरलो तर घराला कुलूप! आणि मी तर विसरलोही नव्हतो! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर सापडला तर त्याला चहा!"

"बाबा, तुमच्या काळजीपोटीच..."

"काळजी? अरे, अंजिराची मी आठवडाभर चौकशी करतो. रोज हलवतो, दाबून बघतो, उजेडात धरतो, मग झाकण लावतो. माझी चौकशी तुम्ही एका चहात उरकलीत! एकानं तरी विचारलं का, बाबा, नक्की काय झालं? हिनं विचारलं." त्यांनी सुनेकडे बोट केलं. "जिला तू विचारलं नाहीस, तिनं मला विचारलं. वर्षभर विसरता, विसरता म्हणून माझ्या कानाशी लागलास. शेवटी मलाच वाटायला लागलं. बंद बरणी समोर होती आणि मी ती उघडून दाबून बघितली नाही. का? तर म्हटलं, म्हातारा विसरला असेल. मी स्वतःला म्हातारा म्हटलं! ती चूक माझी. तेवढी माझी. बाकीची तुझी."

थोरल्याचा चेहरा लाल झाला होता. त्यानं बायकोकडे पाहिलं. ती चहा पीत होती.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "ठीक आहे. झालं ते झालं. तुम्ही तूर्त इथंच राहा. सहा महिन्यांनी आपण परत एकदा बसून..."

"इथंच राहा?" बाबा आता हळू बोलत होते, आणि ते जास्त वाईट होतं. "मला माझ्या घरात राहायची परवानगी देतोयस? ऊठ त्या खुर्चीतून."

थोरला उठला.

बाबा स्वयंपाकघरात गेले आणि अंजिरांच्या घासून ठेवलेल्या बरण्यांपैकी एक घेऊन आले. ती टेबलावर ठेवली. "किल्ल्या."

"काय?"

"तिघांच्या किल्ल्या. यात टाका."

धाकट्यानं लगेच टाकली. टण्णकन आवाज झाला. सिस्टरनं पर्समधून काढली, बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि नीट, अलगद तळाशी सोडली. थोरला तसाच उभा होता. "बाबा, हा पोरकटपणा आहे. उद्या तुम्ही आत पडलात तर?"

"तर दार फोडा. माझं दार आहे, मी बसवून घेईन."

"अहो मुख्याध्यापक," सून म्हणाली. तिनं त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला, जुडग्यातून ती किल्ली वेगळी केली आणि बरणीत टाकली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या घराची किल्ली तिला कधी कुणी दिली नव्हती. आज पहिल्यांदा तिच्या हातात आली होती ती एवढ्यापुरतीच.

बाबांनी खिशातला रुमाल काढला, बरणीच्या तोंडावर पसरला आणि दोऱ्यानं घट्ट बांधला. बरणी उचलून एकदा हलवली. किल्ल्या खुळखुळल्या.

"हे काय आता?" थोरल्यानं विचारलं.

"चौकशीला बसवल्या. रोज हलवून बघीन. ओल गेली की परत देईन." ते सिस्टरकडे वळले. "फडकी आणून दे. दोरासुद्धा. आणि येशील तेव्हा घंटा वाजव."

"हो बाबा."

"आणि ती पिशवी फेक कुणीतरी. वास येतोय."

सगळे गेले. दार बाबांनी आतून लावलं, कडी घातली आणि गच्चीवर चढले. ऊन कलत आलं होतं. निम्म्या चकत्या उलटायच्या राहिल्या होत्या आणि जाळीला चिकटल्या होत्या. त्यांनी एकेक कडेनं सोडवली. एक संतापात ओढली गेली आणि फाटली.

खाली घंटा वाजली. थांबून पुन्हा एकदा वाजली, हलकेच.

बाबांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. दारात थोरला उभा होता, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. रस्त्याच्या पलीकडे गाडीत सून बसली होती आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

"कोण आहे?"

"मी, बाबा." त्यानं डोळे बारीक करून वर पाहिलं. "चष्मा विसरलो."

"थांब. हातातली जाळी संपवून येतो," बाबा म्हणाले. चष्मा टेबलावर होता. सगळे निघाले तेव्हाच त्यांना तो दिसला होता.